लँगॉथलेनचा मंडप

वेल्समधील लँगॉथलेन हे डी नदीकाठचे लहानसे गाव. महायुद्ध संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९४७ साली, तेथे आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धा भरली. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप. बुडापेस्टचे कामगार-गायक मिळेल त्या वाहनाने येऊन पोहोचले!

पण खरी कसोटी लागली ती १९४९ मध्ये. ल्यूबेकहून जर्मन गायकवृंद आला. १९४२ साली ब्रिटिश विमानांनी जाळलेले ते शहर. आणि समोर, जर्मनांशी लढताना मुलगे-भाऊ गमावलेली माणसे. पाहुणे भीत भीतच मंचावर चढले असतील. निवेदकाने त्यांना ‘मित्र’ म्हटले मात्र, मंडप टाळ्यांनी दणाणला.

पुढे १९५३ साली ओबर्नकिर्शेनच्या जर्मन मुलांनी तेथे बक्षीसही पटकावले. ल्यूबेककरांचा क्रमांक कितवा लागला, हे मात्र मला विचारावेसेही वाटत नाही.