ओंबीची वीण आणि पिळलेलं फडकं



दिवाळीनंतर आमच्या पुण्याच्या घराचं काम काढायचं ठरलं आणि फरशीवरून घरात दोन पक्ष पडले. सूनबाईने मोबाइलवर चित्रं दाखवली. फिकट ओकच्या पट्ट्या, एकीला दुसरी तिरकी भिडवलेली, वर चकाकी अजिबात नाही. सगळ्या खोल्यांत हीच हवी, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ पाण्याने पुसतात, हिचं कसं व्हायचं?" ती म्हणाली, "आई, नवीन फॅशन आहे, लोक करतातच ना." मी कॉमर्सची. जुनी खातेवही उघडल्याशिवाय नव्या खात्यावर सही करत नाही. म्हणून या फरशीची जुनी खाती बघायला बसले.

पहिली गोष्ट ही कळली, की फॅशन अजिबात नवीन नाही. या तिरक्या मांडणीला बाजारात 'हेरिंगबोन' म्हणतात, म्हणजे हेरिंग माशाचा काटा. नाव ऐकून मला कसंसंच झालं. पण त्याच्याही खूप आधी रोमन लोक विटा अशाच तिरक्या बसवत आणि त्यांनी या मांडणीला धान्याच्या कणसावरून नाव दिलं होतं. मला ते आवडलं. आमच्या घरात आता तिचं नाव 'ओंबीची वीण' आहे. पट्ट्यांची टोकं सरळ कापून एकीच्या कुशीला दुसरी टेकवली की हेरिंगबोन. टोकं तिरकी कापून मधोमध नेमकी टोकाला टोक भिडवली की शेवरॉन. दुकानात गेलात तर एवढा फरक लक्षात ठेवा, कारण शेवरॉनच्या तिरक्या कापात लाकूड जास्त वाया जातं.

दुसरी गोष्ट व्हर्सायची. फ्रान्सच्या राजाचा तो प्रचंड राजवाडा. तिथे वरच्या दालनांतही संगमरवर घातला होता. संगमरवर म्हणजे वारंवार धुणं आलं. ते पाणी सांध्यांतून झिरपून खालच्या लाकडी तुळया कुजायला लागल्या. म्हणून 1684 मध्ये संगमरवर काढून त्याजागी ओकच्या लाकडाचे मोठे चौकोन बसवले, आतमध्ये तिरकी जाळी विणल्यासारखे. आजही त्या नक्षीला व्हर्सायचंच नाव आहे. मी हे वाचून हसले. आपण समजतो की राजाला हौस होती म्हणून लाकूड आलं. खरं तर ते आलं धुण्याच्या पाण्यामुळे! लाकडी फरशी घातली त्या दिवसापासून तिथलं बादलीचं पाणी बंद झालं असणार. ही गोष्ट चित्रांत कुठे दिसत नाही.

मग ती फरशी स्वच्छ कशी ठेवत? मेण घासून. त्यासाठी वेगळे नोकर असत. पायाला ब्रश बांधून ते फरशीवर घसरत-घसरत फिरत आणि मेणाची चकाकी आणत. पुढे 1853 पासून पॅरिस शहर नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा मध्यमवर्गीयांच्या घरांतही ओंबीची वीण पोचली. कायबॉत नावाच्या चित्रकाराचं 1875 सालचं चित्र आहे. तीन मजूर उघड्या अंगाने गुडघ्यांवर बसून एका घराची फरशी तासताहेत. खिडकीतून उजेड येतोय, भोवती लाकडाच्या साली पडल्यात. तेव्हाच्या मोठ्या प्रदर्शनाने ते चित्र नाकारलं होतं. सुंदर फरशी बघायला सगळ्यांना आवडते, तासणारे हात बघायला कोणाला आवडत नाहीत, असं आपलं माझ्या मनात आलं.

आता आपल्याकडची खाती. लाकूड आपल्याला परकं नव्हतं. शनिवारवाडा 1732 मध्ये बांधून झाला, त्याला जुन्नरच्या जंगलातलं सागवान, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना वापरला असं सांगतात. खाली दगड आणि वरचे मजले विटा-लाकडाचे. 1828 च्या आगीत लाकूड जळालं, दगड उरला. आज आपण बघतो ते बहुतेक दगडाचं उरलेलं खातं.

माझ्या माहेरी, सांगलीकडे, वाड्याच्या माडीवर सागवानी तुळया, त्यावर तक्तपोशी, पण पाऊल मात्र लाकडावर पडायचं नाही. फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर सारवण. नुसत्या फळ्या ठेवल्या तर फटींतून धूळ खाली स्वयंपाकघरात पडायची. आई कुंचलीने हळू झाडायची आणि ठरलेल्या दिवशी सारवायची. खाली शहाबादी फरशी. तिथे मात्र पाणीच पाणी. म्हणजे आपल्या बायकांनी लाकडाला छतात ठेवलं आणि पायाखाली जे धुता येईल किंवा सारवता येईल ते ठेवलं. पुढे सिमेंटच्या रंगीत नक्षीदार फरश्या आल्या, 1922 मध्ये मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली. मग मोझेक, मग व्हिट्रिफाइड. फरशी बदलत गेली, पोछा बदलला नाही.

आजचा बाजार तीन प्रकारचं 'लाकूड' विकतो, ते नीट वेगळं करा. एक, अख्खं लाकूड. ते पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, म्हणून भिंतीलगत बोटभर फट सोडून ती पट्टीखाली झाकतात. दोन, इंजिनिअर्ड. वर खऱ्या लाकडाचा काही मिलिमीटरचा थर आणि खाली आडवे-उभे प्लायचे थर, त्यामुळे ते फार हलत नाही. तीन, लॅमिनेट. 1977 मध्ये स्वीडनमध्ये निघालं. आत लाकडाच्या भुशाचा दाबलेला तक्ता, वर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर पारदर्शक कडक थर. फोटो म्हटल्यावर स्वस्त आलंच.

इथे माझ्यातली कॉमर्सवाली जागी झाली. घसारा काढा! वरचा खरा थर 4 मिलिमीटर असेल आणि एकदा तासताना साधारण 1 मिलिमीटर जात असेल, तर दोन-तीनदा फरशी नवी करता येते. म्हणजे एका पिढीची सोय झाली. लॅमिनेटचा फोटो एकदा झिजला की तासायला काही उरतच नाही, आणि सांध्यातून पाणी गेलं की तो तक्ता पोळीसारखा फुगतो. स्वस्त वस्तूचं आयुष्य न विचारता भाव विचारणं हा हिशेब नव्हे. रंगाचंही तसंच. मागच्या दहा वर्षांत सगळीकडे राखाडी लाकूड होतं, आता ते जुनाट वाटायला लागलं आणि फिकट, गव्हाळ, रुंद पट्ट्या आल्या. फोटोतली राखाडी बदलायला फरशी उखडावी लागते. खऱ्या लाकडाची तासून रंग बदलता येते.

आता आपल्या घराचे म्हणून तीन प्रश्न, जे दुकानदार स्वतःहून सांगत नाही.

पहिला, वर काय लावलंय? जुन्या युरोपात मधमाशीचं मेण, आपल्या सुतारांकडे चपडा, म्हणजे लाख. लाख किड्यांपासून मिळते हे आपल्याला माहीत आहे. मध आपण घरात आणत नाही, मग पायाखाली पोळ्याचं मेण कसं चालेल? आजकाल वनस्पती तेलाची आणि कृत्रिम रेझिनची पॉलिशं मिळतात, पण तेलाच्या काही पॉलिशांत मेण मिसळलेलं असतं. डबा हातात घेऊन वाचा. जुन्या सुतारकामातला सरसही जनावराच्या कातड्याचा असे, तेव्हा चिकटवणार कशाने तेही विचारा.

दुसरा, वाळवी. लाकूड आणि ओल एकत्र आली की ती येणार, आणि आल्यावर औषध मारायचं म्हणजे हजारो जीव मारायचे. ती येऊच नये अशी व्यवस्था आधी करणं हाच खरा विवेक. तळमजला आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, इथे लाकूड नकोच.

तिसरा, चौका. महाराज आहारासाठी येतात तेव्हा पडगाहनानंतर पादप्रक्षालन होतं, जमिनीवर पाणी येणारच. चौका धुवायलाच हवा. धुता न येणाऱ्या जमिनीवर मी उभी राहून आहार देऊ शकणार नाही. सूनबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." खरं होतं तिचं. मी पसंतीवरून भांडत बसले, कारण सांगितलंच नाही.

शेवटी असं ठरलं. स्वयंपाकघर, चौका, देवघर आणि हॉलला फरशीच. तिच्या आणि मुलाच्या खोलीत इंजिनिअर्ड ओकची ओंबीची वीण, मेण नसलेल्या तेलाची. आपण घरात अनवाणी वावरतो, हे त्या फरशीच्या फायद्याचंच आहे, बुटांखालची वाळूच लाकडाला सगळ्यात जास्त खाते. पुसायचं ते घट्ट पिळलेल्या फडक्याने, बादली खोलीत न्यायची नाही. कामाला येणाऱ्या बाईंना हे सांगणं बरोबर नाही, त्यांच्या हाताची सवय वेगळी. मग कोण पुसणार? सूनबाईने मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "रविवारी मी."

चार रविवार झाले. तीनदा त्याने पुसली, एकदा मी. गुडघे दुखले, पण त्या चित्रातल्या तीन माणसांची आठवण झाली.

तुमच्या माहेरी माडीवर पायाखाली काय होतं, आठवून बघा. आणि नवी फरशी निवडताना चित्र जरूर बघा, पण आधी फडकं कोणाच्या हातात असेल ते बघा.

जय जिनेंद्र.