मोरीखालचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, तह आठवतात. मोरी कुणाला आठवत नाही. पण घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा मोरीनं जास्त रूपं बदलली, असं माझं मत झालंय. नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या घराचं न्हाणीघर गेल्या वर्षी नव्यानं करायला घेतलं, तेव्हापासून.

वरच्या गुळगुळीत टाइल्स निघाल्या आणि खाली शहाबादी फरशी लागली. गवंडी कलबुर्गीकडचा. फरशीवर हात फिरवत म्हणाला, ‘‘काका, हा आमच्याकडचा दगड.’’ खरंच होतं ते. शहाबाद हे त्या जिल्ह्यातलंच गाव, पूर्वी निजामाच्या राज्यातलं. १८७१मध्ये मुंबईचा आणि मद्रासचा रेल्वेमार्ग रायचूरला जुळला. शहाबाद त्याच मार्गावर, त्यामुळे हा जड दगड गाडीत बसून पुण्यामुंबईला येऊ शकला. दगड पुढे आला, त्याच्या मागून शंभर-सव्वाशे वर्षांनी तो बसवणारा माणूसही आला.

फरशीखाली बोटभर राखी गाळ होता. हा कशाचा, ते पेठेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. पूर ओसरल्यावर आजोबांनी घाईघाईनं ही फरशी घालून घेतली होती. गंमत बघा, ज्या शहरात पाण्यानं घरं पाडली, तिथं दुसऱ्या दिवशी नळाला थेंब नव्हता. तेव्हा जुन्या विहिरी आणि हौद कामी आले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ बांधून शहरात पाणी आणलं होतं, त्या व्यवस्थेतलेही हौद त्यांत होते.

त्याहून जुनं न्हाणीघर मला आत्याच्या बोलण्यातून ठाऊक आहे. कोपऱ्यात बंब, शेजारी घंगाळ, आणि अंघोळीचं पाणी पन्हाळीतून थेट परसातल्या अळवाला नि केळीला. संडास मात्र घरात नव्हता. तो परसाच्या पार टोकाला, बोळाला लागून. मधलं परस पुढे बांधकामात गेलं आणि न्हाणीघर मागच्या भिंतीला जाऊन भिडलं.

प्लंबरनं सामानाची यादी दिली, त्यात ‘एक नहाणी ट्रॅप’ होता. हा शब्द आपल्या न्हाणीचा. इंग्रजी दरपत्रकांतही तो तसाच छापतात. जाळीखालच्या त्या वाटीत जेमतेम दोन इंच पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास तिथंच अडतो. पाण्यानं वास अडवायची ही युक्ती शौचकूपासाठी वाकड्या नळीच्या रूपात १७७५ साली पेटंट केली ती लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं. ही नळी आणि ड्रेनेज आलं, म्हणून संडास उंबऱ्याच्या आत आला.

ते येण्याआधी काय होतं, ते मागच्या भिंतीचं प्लास्टर काढल्यावर दिसलं. जमिनीलगत हातभर उंचीची, विटांनी बुजवलेली कमान. गवंड्यानं विचारलं, ‘‘एवढ्या खाली दार कशाला?’’ बोळातून टोपली काढून न्यायचं ते दार होतं. घरात न येता, कुणाला न दिसता मैला उचलणाऱ्या माणसासाठी ठेवलेलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम आपल्याला करू द्यावं म्हणून अन्न सोडलं, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. तरी कायद्यानं मनाई व्हायला १९९३ उजाडलं, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३मध्ये दुसरा करावा लागला. गटारात उतरून माणसं आजही मरतात.

आत्याला विचारलं. बंब तांबट आळीतल्या कुठल्या दुकानातून आणला, त्याला किती कल्हई लागायची, सगळं तिला आठवत होतं. त्या दाराशी रोज पहाटे एक बाई यायची, हेही आठवत होतं. तिचं नाव? ‘‘अरे, नाव कुठलं. कधी कुणी विचारलंच नाही.’’

टाइल्सवाल्याचं म्हणणं, कमानीवरून प्लास्टर मारून टाकू, भिंत एकसारखी दिसेल. मी नको म्हटलं. घरात थोडी कुरबुर झाली. न्हाणीघरात असली आठवण कशाला, असा सूर होता, आणि तो समजण्यासारखा आहे. शेवटी तेवढ्या विटा उघड्या ठेवून कडेनं टाइल्स लावल्या. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला, ट्रॅपकडे उतार काढला आणि गवंड्यानं दोन दिवस पाणी भरून ठेवलं. कुठंही ओल आली नाही.