डब्याची किल्ली कोणाकडे?

मध्यंतरी मेलबर्नहून भाच्याचा फोन आला. "मामा, मला एक कॉम्प्युटर सुचव," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेला निदेशक. कॉम्प्युटरचं मला काय विचारतोस?" तेव्हा कळलं की त्याला हवा होता तो टेबलावरचा कॉम्प्युटर नव्हे, गाडीच्या इंजिनाचा.

हकिकत अशी. त्याच्याकडे १९९० सालची माझदा एमएक्स-५, म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी आहे. आधीच्या मालकाने तिला टर्बो बसवला होता. सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पळवताना एका पिस्टनला भोक पडलं. इंजिन उघडल्यावर लक्षात आलं, की जोरात पळताना पेट्रोल कमी पडत होतं. नेमकं कुठे आणि किती, हे पाहायला टर्बोसाठी बसवलेला जादा डबा उघडावा, तर त्याला पासवर्ड! ज्या ट्यूनरने तो बसवला, त्याचं दुकान केव्हाच बंद झालेलं. इंजिन भाच्याचं, पण त्याचे आकडे दुसऱ्याच्या कुलपात. आता इंजिन नव्याने बांधून नवा डबा घ्यायचा, म्हणून तीन दुकानांची दरपत्रकं घेऊन तो बसला होता.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आधी हा डबा गाडीत आला कसा, ते सांगितलं. कारण काय निवडायचं, याचं बरंचसं उत्तर त्या इतिहासातच आहे.

आमच्या वेळी इंजिनाचा मेंदू म्हणजे कार्ब्युरेटर आणि मेकॅनिकचा कान. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. इतकं ते साधं यंत्र. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पुरी ताकद हवी असेल, तर पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. जोर लावलेला असताना ते कमी पडलं, तर पिस्टनवर बेतू शकतं. मी मुलांना स्क्रू फिरवून इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवायचो. पण थंडीतल्या पहाटे, घाटात आणि गर्दीत एकच जेट सारखं काम देणार नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं. सगळा कारभार तडजोडीचा.

ही तडजोड मोडली ती शर्यतींनी नव्हे, धुराने. लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं दाटायचं. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडून ते तयार होतं. १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केलं. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. आता पेट्रोल अंदाजाने नव्हे, मोजून देणं भाग होतं.

विजेच्या मदतीने पेट्रोल मोजण्याचा एक प्रयत्न त्याआधी फसला होता. बेंडिक्स कंपनीची इलेक्ट्रोजेक्टर ही व्यवस्था १९५८ साली क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांत बसली. पण त्या काळातले इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखाली टिकेनात आणि बहुतेक गाड्यांत पुन्हा कार्ब्युरेटर आले. तिचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले. बॉशने १९६७ साली अमेरिकेत जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० गाड्यांसाठी डी-जेट्रॉनिक आणली. डी म्हणजे 'द्रुक', दाब. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजायचा आणि त्यावरून पेट्रोलची नळी किती वेळ उघडायची, हे ठरवायचं. १९७३ साली एल-जेट्रॉनिक आली. एल म्हणजे 'लुफ्ट', हवा. हिच्यात हवेच्या वाटेत एक झडप असते. ती किती उघडली, यावरून हवा मोजायची. १९७६ साली व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन ओळखणारा लॅम्डा सेन्सर लावला. आपण दिलेल्या हुकमाचा परिणाम काय झाला, हे डब्याला आता प्रथमच दिसू लागलं. १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीत मोट्रॉनिक आली आणि पेट्रोल व ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच डिजिटल डब्याकडे गेला. आपल्याकडे २००० सालच्या आसपास गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' ही अक्षरं झळकू लागली आणि माझ्या स्क्रू ड्रायव्हरची सद्दी संपली.

या डब्यात असतं तरी काय? मुख्यतः एक तक्ता, पाढ्यांच्या तक्त्यासारखा. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत त्यावरचा भार आणि प्रत्येक घरात एक आकडा. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात. तेवढ्यात डब्याने तक्ता पाहून हुकूम सोडायचा. कारखान्याने हे आकडे भरलेले असतात ते जशी गाडी विकली तशा गाडीसाठी. टर्बो लावला, की इंजिन तक्त्याबाहेर जातं.

आकडे बदलावेत, तर कारखान्याचा डबा बंद. मग काहींनी आतली चिप बदलायला सुरुवात केली. काहींनी उघडेच डबे तयार केले. १९८६ साली सिडनीत हॉलटेक आणि १९८७ साली मेलबर्नमध्ये मोटेक या कंपन्या सुरू झाल्या. त्यांच्या डब्यांना कॉम्प्युटर जोडून तक्त्यातलं घर न् घर ग्राहकाला बदलता येऊ लागलं. २००१ साली अमेरिकेतल्या ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा डबा सुट्या भागांच्या रूपात आणला. हौशी लोक घरी डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, तो जोडू लागले.

भाच्यापुढचे तीन पर्याय याच इतिहासातून आलेले. पहिला, मूळ डब्यातले आकडे बदलणं. पण त्याच्या जुन्या गाडीत ते सहज होण्यासारखं नाही. दुसरा, मूळ डब्याला जोडलेला जादा डबा. तो सेन्सरच्या वतीने मूळ डब्याला खोटी साक्ष देतो. त्याच्या गाडीत १९७३ च्या जातीचीच झडप आहे. टर्बो जोरात हवा ढकलू लागला, की ती पूर्ण उघडून बसते आणि त्यापुढे हवा किती वाढली, हे तिला कळत नाही. जिथे साक्षीदारच आंधळा, तिथे साक्ष फिरवून काय उपयोग? म्हणून तिसरा पर्याय: झडप काढून दाब मोजणारा, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारा स्वतंत्र डबा. म्हणजे १९६७ चीच कल्पना, नव्या अंगाने. सोबत पेट्रोल नेमकं किती कमी-जास्त आहे, ते दाखवणारा रुंद पल्ल्याचा लॅम्डा सेन्सर हवा आणि नॉकिंग ऐकणारा सेन्सरही. तो म्हणजे मेकॅनिकचा कानच. फक्त थकत नाही इतकंच.

"पण मामा, यातला सर्वांत चांगला कुठला?" त्याने विचारलंच. मी म्हटलं, २००८ सालापासून फॉर्म्युला वनच्या सगळ्या गाड्यांना नियमाने एकाच प्रकारचा डबा असतो. तरी सगळे पहिले येत नाहीत. डबा सारखाच, गाडी आणि त्यात आकडे भरणारे हात वेगळे. म्हणून आधी माणूस निवड, मग तो जो डबा कोळून प्यायला आहे तो डबा घे. आणि एक अट घाल: पासवर्ड माझा, तक्त्याची प्रत माझ्या हातात.

कुलूपबंद आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे जगाला २०१५ साली कळलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचा डबा धुराची चाचणी चालू आहे, हे ओळखून तेवढ्यापुरता सज्जन होत होता. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला होता, त्यातून ही तफावत पुढे आली. पण याची दुसरी बाजूही मी भाच्याला बजावली. हा डबा जन्मला हवा स्वच्छ राहावी म्हणून. तो उघडण्याचा हक्क मागायचा, तर धुराची जबाबदारीही आपली. रस्त्यावर गाडी काढायची, तर तिथल्या नियमाप्रमाणे अभियंत्याचा दाखला घे. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा हे ऐकून कोणी आपली गाडी उघडायला बसू नये!

भाच्याने सर्वांत महाग डबाही घेतला नाही आणि सर्वांत स्वस्तही नाही. घराजवळच्या डायनोवाल्याला जो पक्का ठाऊक होता, तो घेतला. महिन्याभराने त्याने मला तक्त्याचा फोटो पाठवला. चष्मा पुसून मी एकेक ओळ वाचत गेलो. मोठ्या भाराच्या एका घरात आकडा शेजारच्या घरांपेक्षा एकदम उतरला होता. फोन करून मी विचारलं, "इथे पेट्रोल मध्येच का कमी केलंय रे?" त्याने ट्यूनरला दाखवलं. टाइप करताना चूक झाली होती. पाच मिनिटांत ती दुरुस्त झाली.

आवाज ऐकणारा माझा कान तिथवर पोहोचला नसता. आकडे उघडे होते, म्हणून डोळा पोहोचला.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)