ताऱ्यांचा जमाखर्च

दूरची दीर्घिका दुर्बिणीतून पाहिली, तर प्रकाशाचा एक अंधुक ठिपका तेवढा दिसतो. तीत अब्जावधी तारे असतात. परंतु ते निरनिराळे दिसत नाहीत. हाती येते ते सर्वांचे मिळून एक तेज आणि सर्वांचा मिळून एक रंग. एवढ्यावरून त्या तारकासमूहाचे पूर्वचरित्र ओळखावयाचे कसे, हा प्रश्न बीट्रिस टिन्स्ली या विदुषीने हाती घेतला.

१९४१ साली इंग्लंडात जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या टिन्स्लीबाई टेक्सास विद्यापीठात संशोधन करू लागल्या, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांपुढे एक मोठी मोजणी होती. विश्वाचे प्रसरण मंदावून ते पुन्हा आकुंचन पावेल काय, हे प्रचंड दीर्घिकांच्या तेजावरून ठरवावयाचे होते. ॲलन सँडेज हे या कार्यातील अग्रणी होत. त्या दीर्घिकांचे तेज काळानुसार फारसे बदलत नाही, असे गृहीत धरले जाई; म्हणजे जी अधिक अंधुक, ती अधिक दूर.

टिन्स्लीबाईंनी या गृहीतावरच बोट ठेवले. ताऱ्यांच्या जगात श्रीमंतास आयुष्य थोडे. वजनदार निळे तारे इंधन उधळून लवकर विझतात. हलके तांबूस तारे काटकसरीने दीर्घकाळ जगतात. कोणत्या वजनाचे किती तारे केव्हा जन्मले हे धरून त्यांचा जमाखर्च संगणकावर मांडला, की दीर्घिकेचे तेज आणि रंग कसे पालटले ते कळते. १९६८ साली त्यांचा याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. वृद्ध ताऱ्यांची दीर्घिका काळाबरोबर मंद होत जाते. अर्थात पूर्वी ती अधिक तेजस्वी होती. मग दूरच्या, म्हणजेच पूर्वीच्या, तेजावरून काढलेले अंतर चुकणार आणि विश्वाच्या भवितव्याचा निकालही चुकणार!

सँडेज यांना हे सहजासहजी पटले नाही. तथापि १९७४ साली टिन्स्लीबाईंनी तिघा सहकाऱ्यांसह विश्व प्रसरणच पावत राहील, असे प्रतिपादन केले. १९७८ साली त्या येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. १९८१ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

प्रसरण मंदावत नसून वाढत आहे, हे १९९८ साली स्फोटक ताऱ्यांवरून दिसून आले. टिन्स्लीबाईंचा जमाखर्च मात्र आजही चालू आहे. २००० साली सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणाने पाच रंगगाळण्यांतून आकाश टिपले. चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २०२५ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या गाळण्या सहा आहेत. अशा सर्वेक्षणांतील दीर्घिकांचे वय आणि वस्तुमान अजमावताना शास्त्रज्ञ याच पद्धतीच्या गणिताचा आधार घेतात.