उष्णतेशिवाय केस सरळ करणे: काय जमते, काय जमत नाही आणि कुठे धोका आहे

केस कुरळे किंवा नागमोडी असणे हा आजार नाही. त्यामुळे ते सरळ करण्याची वैद्यकीय गरज कधीच नसते. तरीही घरात साखरपुडा ठरला, मुलाखत आली किंवा कॉलेजचे स्नेहसंमेलन जवळ आले की दवाखान्यात हा प्रश्न निघतोच: "डॉक्टर, केसांना इस्त्री न लावता ते सरळ होतील का?"

होतात, पण तात्पुरते. पाणी, कंगवा आणि थोडा धीर यांच्या जोरावर केस एक-दोन दिवस सरळ ठेवता येतात आणि त्यात धोका जवळजवळ नसतो. महिनोन्‌महिने टिकणारा सरळपणा मात्र केसांची अंतर्गत रचना बदलल्याशिवाय मिळत नाही. एखादे क्रीम 'उष्णतेशिवाय कायमचे सरळ केस' असे सांगत असेल, तर तिथे उष्णतेची जागा रसायनाने घेतली आहे, एवढे लक्षात ठेवा.

केस कुरळे का असतात?

त्वचेखाली केस जिथे तयार होतो त्या जागेला केशकूप म्हणतात. केशकूप सरळ आणि गोल असेल तर केस सरळ येतो. तो वाकलेला आणि लंबगोल असेल तर केस वळत वाढतो. ही ठेवण आई-वडिलांकडून येते. म्हणून कोणतेही तेल, लेप किंवा गोळी नवीन येणारा केस सरळ करू शकत नाही.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा आकार मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी टिकतो.

- हायड्रोजन बंध: हे कमजोर असतात. पाण्याने सुटतात आणि केस सुकताना पुन्हा जुळतात. सुकताना केस ज्या आकारात असेल, तो आकार काही काळ राहतो.
- डायसल्फाइड बंध: हे मजबूत असतात. पाण्याने सुटत नाहीत. त्यांना तोडायला तीव्र रसायन लागते.

घरगुती उपाय फक्त पहिल्या प्रकारच्या बंधांवर चालतात. म्हणूनच हवेतल्या ओलाव्याने केस पुन्हा वळतात. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात सरळ केलेले केस दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकतात. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीकडे गेलात, तर पोहोचेपर्यंत ते पूर्ववत होतील. यात तुमचे काही चुकत नाही. केसाचा तो स्वभाव आहे.

सुरक्षित पद्धती

आधी तयारी. केस सौम्य शाम्पूने धुवा, कंडिशनर लावा आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढा. सुरुवात टोकाकडून करा आणि हळूहळू मुळांकडे या. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती पंचा किंवा टी-शर्ट दाबून पाणी टिपा. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.

१. डोक्याभोवती गुंडाळणे. केस बरेचसे सुकले, फक्त दमट राहिले की भांग पाडा. थोडे थोडे केस घेऊन डोक्याभोवती एकाच दिशेने सपाट गुंडाळा आणि पिना लावा. वरून साटीन किंवा रेशमी कापड सैल बांधा. पूर्ण सुकल्यावर सोडा. नागमोडी केसांसाठी ही सर्वात चांगली पद्धत आहे.

२. मोठे रोलर. रोलर जितका मोठा, तितका केस सरळ. केस ताठ धरून गुंडाळा, पण मुळाशी दुखेल इतके ओढू नका.

३. टप्प्याटप्प्याने रबर. मानेजवळ सैल पोनीटेल बांधा आणि खाली दर दोन-तीन बोटांवर कापडी रबर लावत जा. लांब केसांसाठी ही पद्धत सोपी पडते.

४. थंड हवा. ड्रायरला थंड हवेचे बटण असेल तर ते वापरा, किंवा पंख्यासमोर बसून केस विंचरत सुकवा.

५. जवसाची जेल. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट झाले की गरम असतानाच गाळा, कारण थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. जेल थंड झाल्यावर दमट केसांना अगदी थोडी लावा. जेल केस सरळ करत नाही, पण सुकताना दिलेला आकार धरून ठेवायला मदत करते. फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. वास बदलला तर फेकून द्या.

अपेक्षा माफक ठेवा. नागमोडी केस या उपायांनी जवळजवळ सरळ होतात. घट्ट कुरळे केस फक्त मोकळे आणि लांब दिसतात.

या उपायांतही जपायच्या गोष्टी

रोज घट्ट वेणी, घट्ट अंबाडा किंवा ताणलेली पोनीटेल बांधली तर कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होतात. याला ताणामुळे पडणारे टक्कल म्हणतात. सुरुवातीलाच ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिले तर मूळच नष्ट होते. केस बांधल्यावर डोके दुखत असेल किंवा मुळाशी पुरळ येत असेल, तर बांधणी घट्ट आहे.

ओल्या केसांनी झोपल्याने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. पण डोक्याची त्वचा रात्रभर ओली राहिली तर कोंडा आणि खाज वाढू शकते. म्हणून केस गुंडाळायचे ते दमट असताना, ओलेचिंब असताना नव्हे.

घरगुती 'केराटिन' लेपांचे काय?

नारळाचे दूध, कॉर्नफ्लोर, लिंबू, केळे, अंडे, दही अशा लेपांना 'घरगुती केराटिन' म्हटले जाते. यातली प्रथिने केसाच्या आत जाऊन त्याची रचना बदलू शकत नाहीत. केसांवर पातळ थर बसतो, केस थोडे जड होतात, चमकतात आणि पुढच्या धुण्यात सगळे निघून जाते. नुकसान फारसे नाही, फायदाही तेवढाच. लिंबू मात्र टाळा. त्याचा रस कपाळावर किंवा मानेवर राहून ऊन लागले, तर त्वचेवर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. खाण्याचा सोडाही नको; तो केस रुक्ष करतो.

खोबरेल तेलाची बाजू थोडी वेगळी आहे. मुंबईतील एका खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेल तेलाने कमी झाली. अभ्यास कंपनीचाच आहे हे ध्यानात ठेवून सुद्धा निष्कर्ष उपयोगी आहे: धुण्याआधी लावलेले खोबरेल तेल केस सांभाळते. सरळ मात्र करत नाही.

महिनोन्‌महिने टिकणाऱ्या उपचारांत काय असते?

- कॉस्टिक सोड्याची क्रीम: रिलॅक्सर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. इस्त्रीशिवाय केस खरोखर सरळ होतात, पण डोक्याची त्वचा भाजू शकते आणि डोळ्यात गेल्यास दृष्टीला धोका असतो.
- थायोग्लायकोलेट: रीबॉन्डिंगमध्ये वापरतात. हे डायसल्फाइड बंध तोडते. केस तुटणे आणि त्वचेची जळजळ हे नेहमीचे त्रास. यात पुढे गरम इस्त्रीही फिरवली जाते.
- फॉर्मल्डिहाइड: अनेक केराटिन उपचारांत असते. लेबलवर ते फॉर्मालिन किंवा मिथिलीन ग्लायकॉल या नावानेही लिहिलेले असते. गरम झाल्यावर त्याचा वायू डोळे, नाक आणि फुप्फुसांना त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. याचा धोका ग्राहकापेक्षा रोज तिथे काम करणाऱ्या पार्लरमधील मुलींना जास्त.
- ग्लायऑक्झिलिक आम्ल: 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत हे असते. याविषयी सविस्तर सांगायला हवे.

केसांचे क्रीम आणि मूत्रपिंड

२०२४ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची माहिती प्रसिद्ध केली. आधी तिला कोणताही आजार नव्हता. जून २०२०, एप्रिल २०२१ आणि जुलै २०२२ अशा तीन वेळा तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. उलट्या, जुलाब, ताप, पाठदुखी ही लक्षणे होती. उपचाराच्या वेळी डोक्याच्या त्वचेची आगही झाली होती. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होते. तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचले. इस्रायलमध्येही २६ रुग्णांमध्ये केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद आहे; त्यातल्या काहींना डायलिसिस लागले.

'क्रीम तर वरून लावतो, आत कसे जाईल?' असे वाटणे साहजिक आहे. आपल्याच राज्यातले उदाहरण पाहा. अकोल्यातील एकाच घरातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा आढळला. ते क्रीम केसांचे नव्हते आणि विषही वेगळे होते, पण धडा तोच: त्वचेवर लावलेले रसायन मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकते.

कर्करोगाबाबत २०२२ मध्ये अमेरिकेतील ३३,४९७ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अंदाजे प्रमाण १.६४ टक्के होते; वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते ४.०५ टक्के होते. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. एकदा-दोनदा वापर झाला असेल तर घाबरून जाऊ नका. वारंवार वापर मात्र टाळा.

रासायनिक उपचार कोणी टाळावेत?

- गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या महिला
- लहान मुले आणि शाळकरी मुली
- मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा किंवा दमा असलेले
- डोक्यावर जखम, इसब, सोरायसिस किंवा खाजवून ओरखडे असलेले

तरीही करायचेच असेल, तर लेबल स्वतः वाचा. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. परदेशी मालावर आयातीचा नोंदणी क्रमांकही हवा. मोठ्या डब्यातून वाटीत काढून आणलेले बिननावाचे क्रीम नाकारा. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात करता येते. आधी थोडे क्रीम लावून केलेल्या चाचणीने ॲलर्जी कळू शकते, मूत्रपिंडाचा धोका कळत नाही. आणि लग्नाच्या आठवड्यात नवीन प्रयोग नकोच.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लगेच रुग्णालयात जा, जर केसांच्या उपचारानंतर काही तासांत किंवा दिवसांत:

- उलट्या, कंबरेच्या वरच्या बाजूला पाठीत दुखणे, लघवी कमी होणे किंवा तिचा रंग बदलणे
- श्वास घ्यायला त्रास, चेहऱ्यावर किंवा ओठांवर सूज
- डोक्यावर फोड, खोल भाजणे. डोळ्यात क्रीम जाणे

क्रीम डोळ्यात किंवा त्वचेवर गेले तर किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. डॉक्टरांना 'केस सरळ केले होते' हे आवर्जून सांगा आणि जमल्यास डब्याचा फोटो दाखवा. नाहीतर या उलट्या पोट बिघडल्याच्या समजल्या जातात. रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी मूत्रपिंडांची स्थिती दाखवते.

आणखी एक गोष्ट. केसांचा पोत काही महिन्यांत आपोआप बदलून ते रुक्ष झाले, गळू लागले आणि सोबत थकवा, वजनवाढ किंवा पाळीच्या तक्रारी असतील, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिथे गरज केस सरळ करण्याची नसते, आजार ओळखण्याची असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोज गुंडाळल्याने केस हळूहळू कायमचे सरळ होतील का?*
नाही. केस धुतले की ते मूळ आकारात येतात. नवीन केसही केशकूपाच्या आकाराप्रमाणेच येतो.

*रासायनिक उपचार केल्यावर पुन्हा करावा लागतो का?*
हो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळाकडून कुरळाच येतो. म्हणजे दर काही महिन्यांनी तेच रसायन पुन्हा डोक्यावर. खर्च आणि धोका दोन्ही याच हिशेबाने मोजा.

*मुलगी केसांवरून चिडवतात म्हणून रडते. काय करू?*
तिचे केस आजारी नाहीत, हे तिला घरातल्या मोठ्यांनी आधी सांगायला हवे. मग कुरळ्या केसांची निगा शिकवा: कोरडे असताना विंचरायचे नाहीत, कंडिशनर सोडायचा नाही, गुंता बोटांनी काढायचा. कार्यक्रमापुरते सरळ हवे असतील तर आदल्या दिवशी दुपारी केस धुवा, गुंडाळून द्या आणि ते रात्रीपर्यंत सुकू द्या. तिच्या वयात तेवढेच पुरे आहे.