मतदारयादी नसलेली निवडणूक : इंटरनेटच्या नावांसाठी झालेले जागतिक मतदान

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या खेड्यातला मतदार जिल्हा परिषदेचा सदस्य स्वतः मत देऊन निवडतो. आज यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने जिल्हा पातळीवर अप्रत्यक्ष निवडणुकीची शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो मार्ग सोडून थेट निवडणूक स्वीकारली. ज्या समितीच्या शिफारशींवरून हा निर्णय झाला, तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक, महागावशेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

धाग्याच्या आरंभी हा संदर्भ देण्याचे कारण असे की, अडतीस वर्षांनी अगदी हाच वाद जगाच्या पातळीवर झडला. थेट की अप्रत्यक्ष? तेथे निकाल आधी आपल्यासारखा लागला आणि दोनच वर्षांत उलटला.

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता असतो. आपण टंकतो ते नाव. नाव आणि अंक यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेच्या शिरोभागी एक मूळ सूची असते. त्या सूचीत कोणते नाव असावे, कोणते नसावे, हे ठरवणे म्हणजे जगाच्या सातबाऱ्यावर नोंद करण्याचा अधिकार. अनेक वर्षे ही जबाबदारी प्रामुख्याने जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने सांभाळली. ३० सप्टेंबर १९९८ रोजी त्यासाठी कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था नोंदवली गेली आणि अवघ्या पंधरवड्यात, १६ ऑक्टोबरला, पोस्टेल यांचे निधन झाले.

आयकॅनच्या संचालक मंडळाची रचना १९ जणांची होती : नऊ तांत्रिक व व्यावसायिक गटांचे, नऊ सर्वसामान्य वापरकर्त्यांचे आणि एक अध्यक्ष. हे दुसरे नऊ कसे निवडावेत, हाच कळीचा प्रश्न. मंडळाचा बेत असा होता की, लोकांनी आधी एक परिषद निवडावी आणि परिषदेने संचालक निवडावेत. मार्च २००० मध्ये कैरो येथील बैठकीत या योजनेवर टीकेची झोड उठली. अखेर तडजोड झाली. नऊपैकी पाच जागा थेट मतदानाने भरायच्या, जगाच्या पाच विभागांतून प्रत्येकी एक.

मतदार कोण? येथे खरी अडचण होती, कारण जगाची मतदारयादी कोठेच नव्हती. वय सोळा पूर्ण, एक ई-मेल पत्ता आणि एक टपालाचा पत्ता, एवढीच अट ठेवण्यात आली. (सोळाव्या वर्षी मताधिकार, वाचकांपैकी कित्येकांना हेवा वाटेल.) नोंदणी संगणकावर करायची, मग टपालाने गुप्त क्रमांकाचे पत्र येई, तो क्रमांक पुन्हा संगणकावर भरला की मतदार पक्का. जुलै अखेरपर्यंत दीड लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली, परंतु पक्के झाले सुमारे ७६ हजारच. ऑक्टोबर २००० च्या पहिल्या दहा दिवसांत प्रत्यक्ष मते पडली ३४,०३५.

विभागवार आकडे पाहावेत. आशिया-ऑस्ट्रेलिया-प्रशांत विभागात १७,७४५ मते पडली. आफ्रिकेत केवळ १३०. तरीही दोघांना एकेकच जागा. भारत, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया हे सारे एकाच मतदारसंघात! निम्म्याहून अधिक मानवजातीचा तो एक प्रतिनिधी म्हणून निवडून आले फुजित्सू कंपनीतील जपानचे मासानोबू काटो. घानाचे नी क्वेनॉर आणि ब्राझीलचे इव्हान मौरा कांपोस आपापल्या विभागांतून आले. युरोपने मात्र केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेचा प्रवक्ता अँडी म्युलर-मागुन याला निवडले आणि उत्तर अमेरिकेने आयकॅनचा कडवा टीकाकार कार्ल आउअरबाख याला.

महागावसारख्या तालुक्याच्या गावातून तेव्हा मत द्यायचे झाले असते, तर टेलिफोनची जोडणी, मोडेम, ई-मेल आणि परदेशातून वेळेत येणारे पत्र, एवढे सगळे जुळावे लागले असते. भारतात सार्वजनिक इंटरनेट येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि .इन नावांची नोंदणी मुंबईत जुहूच्या ‘एनसीएसटी’ या संस्थेत होत असे. जो वर्ग यादीबाहेर राहिला, तोच पुढे इंटरनेटचा बहुसंख्य वापरकर्ता झाला.

आउअरबाख यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. संचालक या नात्याने त्यांनी संस्थेची हिशेबाची कागदपत्रे मागितली. संस्थेने अटी घातल्या, त्यांनी त्या नाकारल्या आणि मार्च २००२ मध्ये आपल्याच संस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. निवडून आलेला सदस्य दप्तर उघडून पाहू शकतो, हे सिद्ध झाले खरे, पण तोवर निवडणुकीचेच दिवस भरले होते.

फेब्रुवारी २००२ मध्ये आयकॅनचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी फेररचनेचा प्रस्ताव मांडला. थोड्या मतांनी, संघटित प्रचाराने जागा बळकावली जाऊ शकते, हा थेट निवडणुकीवरील मुख्य आक्षेप होता. तो पोकळ नव्हता. आफ्रिकेतील विजयी उमेदवाराला शंभर मतेही लागली नाहीत. तरीही यादी अपुरी आहे म्हणून ती वाढवण्याऐवजी मतदानच रद्द करणे, हा उपाय मला पटत नाही. डिसेंबर २००२ मध्ये नवे नियम लागू झाले आणि नामनिर्देशन समिती आली. वापरकर्त्यांसाठी एक सल्लागार समिती राहिली. पाच विभागीय संघटना तिच्यावर प्रत्येकी दोन सदस्य निवडतात, उरलेले पाच नामनिर्देशन समिती नेमते. २०१० मध्ये संचालक मंडळातील एक जागा पुन्हा वापरकर्त्यांना मिळाली. तिचे मतदार किती? या समितीचे पंधरा सदस्य आणि पाच विभागीय अध्यक्ष : एकूण वीस.

या दूरच्या संस्थेशी मराठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ सुरू झाले, मराठीसह आठ भाषांसाठी. पुढे, बिंदूनंतरच्या नावात देवनागरीची कोणती अक्षरे चालतील, याचे नियम एका तज्ज्ञगटाने ठरवले. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात अदृश्य जोडचिन्ह लागते आणि मूळ सूचीत त्या चिन्हाला मज्जाव आहे. म्हणून नुक्त्याच्या ‘ऱ’ला या जोडणीपुरते स्थान देण्यात आले. हिंदीला त्याची गरज नव्हती. मराठी जाणणारे लोक त्या गटात होते, म्हणून ते अक्षर २०१९ च्या नियमांत आले.