नाताळचे झाड आणि आपले बारा महिने

भगिनींनो, सण सरला की त्याची शोभा माळ्यावर चढते, हा आपल्या घरोघरचा रिवाज. मखर, आकाशकंदील, तोरणे, आणि हल्ली काही घरांत नाताळचे कृत्रिम झाडही. हे झाड जानेवारीत उतरत्या भावाने मिळते. आमच्याकडचे तीन फुटी झाड मी असेच घेतले. तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, नाताळ तर गेला, आणि तो आपला सणही नव्हे. मग हे कशाला?” प्रश्न रास्त होता. म्हणून या झाडाची हकीकत मी धाकट्या मुलीकडून वाचून घेतली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. समजले तसे सांगते.

नाताळात झाड सजवण्याची चाल मूळची जर्मनीकडील. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, तिचे जर्मन यजमान आल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र आले. राणीच्या घरचे पाहून ही चाल इंग्लंडात घरोघर पसरली. जर्मनीत मात्र नाताळासाठी एवढी झाडे तुटू लागली की रानांची काळजी पडली. तेव्हा तेथल्या कारागिरांनी पाळीव हंसांची पिसे हिरवी रंगवून तारेला गुंडाळली आणि झाड उभे केले. म्हणजे खोटे झाड जन्मले ते खरे झाड वाचावे म्हणून. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

पुढे विसाव्या शतकात ब्रशासारखी झाडे निघाली. बाटली धुण्याच्या ब्रशात तारेच्या पिळात केस धरलेले असतात, तशीच त्यांची घडण. १९५९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅनिटोवॉक गावच्या कारखान्यात ॲल्युमिनियमची रुपेरी झाडे होऊ लागली. धातूमुळे विजेचा झटका बसेल म्हणून त्यांवर दिव्यांच्या माळा घालीत नसत. खाली रंगीत चक्र फिरते ठेवून उजेड पाडीत. काही वर्षांतच ती हौस ओसरली. आज आपण पाहतो ती बहुतेक झाडे प्लास्टिकची.

आपल्या ठाण्याला नाताळ नवा नाही. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, त्याआधी तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. मासुंदा तलावाजवळचे चर्च आपण सर्वांनी पाहिलेले आहे. या किनाऱ्यावर थंड मुलखातले झाड कोठून मिळणार? म्हणून इकडे सुरूची फांदी कुंडीत रोवून सजवीत. मग मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, तयार झाडे मिळू लागली, आणि लोकलच्या डब्यातून ती कल्याण-डोंबिवलीपर्यंतही आली.

खोटी पाने आता नाताळापुरती राहिलेली नाहीत. मार्च २०१८ मध्ये सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. जुलैत सजावटवाल्यांनी उच्च न्यायालयाकडे सवलत मागितली, तीही मिळाली नाही. तेव्हापासून कित्येक घरांत गणपतीमागे कापडी पडदा, कागदी फुले आणि कृत्रिम वेली दिसतात. मग नाताळच्या झाडालाच परके का म्हणावे?

पण भगिनींनो, येथे एक हिशेब आहे. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या एलिप्सोस संस्थेने २००९ साली दोन्ही झाडांची तुलना केली. दर वर्षी तोडलेल्या खऱ्या झाडापेक्षा खोटे झाड निसर्गाला सोसायचे, तर ते वीस वर्षांहून अधिक वापरावे लागेल, असा निष्कर्ष निघाला. दोन वर्षांत फेकले, तर ज्या कारणासाठी ते जन्मले तेच बुडाले. स्वस्त मिळाले म्हणून घेणे ही काटकसर नव्हे. टिकवून वापरणे ही काटकसर.

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यावर पतंग टांगते. हलव्याचे दागिने एकदा टांगले, तर मुंग्यांनी आधी वाण लुटले! मंगळागौरीला ते खेळाच्या खोलीच्या कोपऱ्यात, गणपतीत मखराच्या बाजूला, दिवाळीत दारात छोट्या कंदिलांसह. डिसेंबरात ते बालवाडीत जाते आणि आपल्या मूळ सणाला उभे राहते. देवापुढे मात्र खरेच फूल, आणि तुळशीच्या जागी कोणतेही खोटे झाड नको.

जपणूकही सांगते. निरांजन, समई, उदबत्ती त्याच्यापासून दूर ठेवा. हे प्लास्टिक जळले तर घातक धूर होतो. जुन्या काही झाडांच्या प्लास्टिकमध्ये शिसे असे. पाने ठिसूळ होऊन भुकटी पडू लागली, तर ते मुलांच्या हाती देऊ नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा.

शेवटी एक सूचना. लग्नकार्यासाठी मोठी पातेली आणि सतरंज्या आपण मंडळातून नेतो व धुऊन परत आणून देतो. तसेच एक मोठे झाड जानेवारीत मंडळाच्या नावे घ्यावे. दहा घरांनी दहा झाडे घेण्यापेक्षा एकच झाड दहा घरी फिरावे, आणि नाताळात त्याचा पहिला मान ख्रिस्ती शेजारणींना असावा. पुढच्या सभेत हा विषय मांडण्याचा माझा विचार आहे. आपण सर्वांनी अगत्याने यावे.